काटा दाखवतो ते वजन आणि हाती येणारा माल

मोंढ्यात काट्यावर भरवसा ठेवल्याशिवाय व्यवहार होत नाही. पोते टाकले, आकडा पाहिला, पावती फाडली. ज्वारी, हरभरा किंवा सळईच्या व्यापारात एवढ्याने भागते. चुना, कॉस्टिक सोडा, साबण अशा मालाचा धंदा करणाऱ्याला मात्र काटा अर्धीच हकीकत सांगतो. भट्टीत शंभर किलो टाकले आणि छप्पन्न किलो निघाले, तर चोरी झाली का? गोदामात ठेवलेल्या पोत्याचे वजन पावसाळ्यात तीन किलोंनी वाढले, तर फायदा झाला का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे. ते काढण्याची रीत शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात छापलेली असते. मुले ती गुणांसाठी पाठ करतात आणि त्याच मुलांचे वडील दुकानात अंदाजाने माल उचलतात.

त्या रीतीचे नाव आहे संतुलित रासायनिक समीकरण. नाव जड आहे, काम मात्र रोजकीर्दीचेच आहे. डाव्या बाजूला आत टाकलेला माल लिहायचा, उजव्या बाजूला बाहेर आलेला. दोन्ही बाजूंची बेरीज जुळलीच पाहिजे. फ्रान्सच्या लाव्हाझिए या शास्त्रज्ञाने १७८९ साली आपल्या ग्रंथात हा नियम ठामपणे मांडला. हा गृहस्थ सरकारी कर वसूल करणाऱ्या कंपनीचा भागीदारही होता. जमाखर्चाची सवय असलेल्या माणसालाच हवेचे वजनही खात्यात धरावे हे सुचले, यात मला तरी नवल वाटत नाही. (पुढे १७९४ साली क्रांतीच्या धामधुमीत त्या कर वसुलीपायीच त्याचे डोके गेले, तो भाग वेगळा.)

निलंगा, औसा, उदगीर हा काळ्या मातीचा मुलूख. या मातीत आणि मांजरा-तेरणेच्या काठाला चुनखडीचे पांढरट खडे सापडतात. सिमेंट येण्यापूर्वी आपल्याकडची पक्की बांधकामे भट्टीत भाजलेल्या चुन्यावरच उभी राहिली. म्हणून पहिला हिशोब चुन्याचा करू.

शुद्ध चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तिच्या एका कणात कॅल्शियमचा एक अणू, कार्बनचा एक आणि ऑक्सिजनचे तीन. प्रत्येक अणूचे ठरलेले वजन असते, त्याला अणुभार म्हणतात. कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६. म्हणजे ४० अधिक १२ अधिक तीन वेळा १६, एकूण १००. भट्टीच्या आचेने यातून कार्बन डायऑक्साईड वायू निघून जातो. त्याचे वजन १२ अधिक ३२, म्हणजे ४४. मागे राहतो कळीचा चुना, ४० अधिक १६, म्हणजे ५६.

चुनखडी १०० = कळीचा चुना ५६ + वायू ४४

हे आकडे अणूंचे असले तरी प्रमाण कुठेही तेच राहते. ग्रॅम घ्या, किलो घ्या, टन घ्या. एक क्विंटल शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना निघतो, त्याहून एक तोळाही अधिक निघू शकत नाही. उरलेले ४४ किलो भट्टीच्या तोंडातून हवेत गेले. मजुराने नेले नाहीत.

आता व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी गोष्ट. समजा दुसऱ्या भट्टीवाल्याने सांगितले, "माझ्याकडे क्विंटलमागे ६९ किलो उतारा पडतो." ऐकायला बरे वाटते. पण ५६ च्या वर उतारा गेलाच कसा? एक तर त्याचे खडे शुद्ध नाहीत. खड्यांत ७० टक्केच चुनखडी आणि ३० टक्के माती-वाळू असेल, तर ७० किलोतून ३९ किलो चुना निघेल आणि ३० किलो माती तशीच राहील. बेरीज ६९. नाहीतर खडे आतून कच्चे राहिले, म्हणजे वायू पुरता निघालाच नाही. कारण कोणतेही असो, उतारा जितका जास्त तितका खरा चुना कमी. विड्याच्या पानाला, रंगकामाला किंवा साखर कारखान्यात उसाचा रस निवळायला असा चुना कमी प्रतीचा. बांधकामात मात्र ही माती अगदीच वाया जात नाही. चुन्याबरोबर भाजलेल्या चिकणमातीमुळे तो चुना ओल्या जागीही धरतो, हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होते. कच्चा खडा ओळखायचा तर तो पाण्यात टाकावा. पक्का भाजलेला खडा गरम होऊन फुटतो आणि त्याचे पीठ होते, कच्च्याचा गाभा दगडच राहतो. त्या गाभ्यावर लिंबू पिळले तर बुडबुडे येतात. तो अडकून राहिलेला वायूच होय.

चुना भिजवला की ५६ किलो चुना १८ किलो पाणी पिऊन ७४ किलोची फक्की होते. वर आणखी पाणी उरले तर ते वेगळे. ही फक्की किंवा कळीचे खडे महिनोन् महिने उघडे राहिले तर हवेतला तोच वायू पुन्हा आत शिरतो. ७४ किलो फक्की ४४ किलो वायू घेते, १८ किलो पाणी सोडते आणि पुन्हा १०० किलो चुनखडी होते. भिंतीत हेच घडावे असे आपल्याला वाटते. बीदरचा महमूद गवानचा मदरसा १४७२ साली बांधला गेला. त्याच्या दर्जांतला चुना हवा घेत घेत पुन्हा दगड झाला आहे. (३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी भागात ज्या जाड दगडी भिंती कोसळल्या, त्या बहुतांशी मातीत रचलेल्या होत्या. माती वाळते, दगड होत नाही.) पण जे भिंतीत हवे तेच गोदामात घडले तर धंदा बुडतो. ५६ किलो ताजा माल काट्यावर ७४ होतो, मग १०० होतो, आणि शेवटी हाती उरते ती भट्टीत टाकली होती तीच चुनखडी. वजनाने माल वाढत गेला आणि किमतीने संपला.

चुन्याचा हिशोब सोपा, कारण त्यात एकास एक असा मामला आहे. साबणाचा हिशोब थोडा पुढचा. लातूर हे तेलबियांच्या व्यापाराचे ठिकाण. करडई, सोयाबीन, सरकी यांचे तेल आणि तेल शुद्ध करताना उरणारा गाळ जवळपास मिळतो. म्हणून घरच्या घरी किंवा छोट्या शेडमध्ये साबण करावा, असे अनेक तरुणांच्या मनात येते. साबणाशी अरबी भाषेचे नाते जुने आहे. क्षाराला आज जगभर 'अल्कली' म्हणतात. तो शब्द अरबी 'अल-किली' पासून आला, आणि त्याचा अर्थ वनस्पतीची क्षारयुक्त राख. हलब आणि नाबलुस ही गावे ऑलिव्हच्या तेलाच्या साबणासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहेत. तिथले उस्ताद राखेचे पाणी अनुभवाने जोखत. आपल्याकडे आज राखेऐवजी कॉस्टिक सोडा आहे. तो राखेपेक्षा कितीतरी तीव्र असल्याने अंदाजाची चूक महागात पडते. कॉस्टिक जास्त झाले तर साबण हाताची साल काढतो. कमी झाले तर वडी तेलकट राहते, पिवळी पडते आणि तिला खवट वास येतो.

तेलाच्या एका कणात स्निग्ध आम्लाच्या तीन शेंड्या ग्लिसरीनच्या एका कण्याला जोडलेल्या असतात. चरबीची ही रचना फ्रान्सच्या शेव्हरल याने उलगडली आणि १८२३ साली ग्रंथरूपाने छापली. प्रत्येक शेंडी सुटण्यासाठी कॉस्टिकचा एक कण लागतो, म्हणजे एका तेलकणाला तीन. समीकरण संतुलित करणे म्हणजे हा 'तीन' विसरायचा नाही. शिंपीकाम करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. एका सदऱ्याला सात गुंड्या लागत असतील, तर पन्नास सदऱ्यांच्या कापडाबरोबर तीनशे गुंड्या आणणारा बेचाळीस सदरे पुरे करील आणि आठ सदऱ्यांचे कापड उरेल. जे आधी संपते त्यावर तयार माल ठरतो. जे उरते ते वाढीव माल नसून अडकलेले भांडवल असते.

आपल्या खाद्यतेलांत आढळणारा एक नेहमीचा घटक ट्रायओलीन घेऊ. त्याचा रेणुभार ८८४. कॉस्टिक सोड्याचा ४० (सोडियम २३, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १), तिनाचे १२०.

तेल ८८४ + कॉस्टिक १२० = साबण ९१२ + ग्लिसरीन ९२

दोन्हीकडे बेरीज १००४. खाते जुळले. आता १०० किलो तेलावर आणायचे तर त्रैराशिक मांडावे. कॉस्टिक १२० गुणिले १०० भागिले ८८४, म्हणजे १३ किलो ५७० ग्रॅम. कोरडा साबण १०३ किलो २०० ग्रॅमच्या आसपास, ग्लिसरीन साडेदहा किलोला थोडे कमी. करडई, सोयाबीन, शेंगदाणा, सरकी या सर्वांचा आकडा याच्या अगदी जवळ येतो. खोबरेलाचा येत नाही. त्याच्या शेंड्या आखूड असल्याने त्याच वजनात कण जास्त बसतात आणि १०० किलोला सव्वाअठरा किलोच्या आसपास कॉस्टिक लागते. एरंडेलाला पावणेतेरा किलो. दुसऱ्याचा खोबरेलाचा 'फॉर्म्युला' उतरवून घेऊन करडईच्या तेलावर चालवला तर साडेचार किलो कॉस्टिक साबणात मोकळे राहील आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार नाही. अंगाच्या साबणासाठी तर जाणकार मुद्दाम पाच टक्के कॉस्टिक कमीच घालतात, म्हणजे १३.६ ऐवजी १२.९ किलो.

एक गोष्ट हे समीकरण सांगत नाही. चरबी कोणत्या प्राण्याची, हे त्यातून कळत नाही. पामतेल, गाईम्हशीची चरबी आणि डुकराची चरबी यांचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की हिशोबात फरक दिसत नाही. ते विकणाऱ्याला विचारूनच आणि त्याच्या कागदावर पाहूनच ठरवावे लागते.

आता कॉस्टिकचे पोते. बाजारात पापड्यांच्या रूपात ५० किलोचे पोते येते. नवे असताना त्यात ९८ टक्क्यांच्या वर खरा माल असतो. पोते फोडून तोंड नीट बांधले नाही तर कॉस्टिक हवेतले पाणी ओढते आणि वायूही ओढते. वायूशी गाठ पडली की ८० किलो कॉस्टिकचा १०६ किलो धुण्याचा सोडा होतो. समजा पोत्यातल्या ५० पैकी १० किलोची अशी गत झाली. त्याचा सव्वातेरा किलो सोडा झाला. काटा दाखवणार ५३ किलो. खरे कॉस्टिक उरले ४०. या पोत्यातून १३.६ किलो मोजून १०० किलो तेलात घातले, तर त्यात कॉस्टिक असेल १०.२ किलोच. धुण्याचा सोडा ताज्या तेलाचा साबण करीत नाही. म्हणजे ७५ किलो तेलाचाच साबण होईल आणि २५ किलो तेल कच्चे राहील. कारागीर म्हणेल, "कृती तर तीच होती." कृती तीच होती, पोते तेच नव्हते. उपाय सोपा आहे. लहान पोते घ्यावे किंवा फोडलेला माल घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात ठेवावा. ढेकूळ झालेला, ओला, पांढऱ्या पिठाने माखलेला माल कुणी स्वस्तात देऊ केला तर त्याचा भाव धुण्याच्या सोड्याच्या हिशोबाने करावा.

तेल शुद्ध करताना निघालेल्या गाळापासून बनणारे 'ॲसिड ऑईल' वापरणाऱ्यांचे गणित वेगळे. तिथे शेंड्या आधीच सुटलेल्या असतात. २८२ भाग स्निग्ध आम्ल आणि ४० भाग कॉस्टिक मिळून ३०४ भाग साबण आणि १८ भाग पाणी. ग्लिसरीन निघत नाही, आणि इथे धुण्याचा सोडाही काम करतो. मात्र तो वायू सोडतो, कढई फेसाळून उतू जाते, म्हणून भांडे अर्धेच भरावे.

खरा धोका मात्र कच्च्या मालाहून जास्त मोठ्या बोलण्यात आहे. साबणधंद्याचे शिक्षण देणारे, यंत्र विकणारे आणि गुप्त कृती लिहून देणारे लोक गावोगाव फिरतात. त्यांचे एक वाक्य ठरलेले असते की शंभर किलो तेलातून अडीचशे किलो साबण काढून दाखवतो. ऐकणारा तरुण तेलाचा भाव अडीचशेवर वाटतो, वडीचा भाव पाहतो आणि कर्ज काढतो. त्याने आधी समीकरणाला विचारावे. १०० किलो तेलातून कोरडा साबण १०३ किलो. ग्लिसरीन वडीतच ठेवले तर आणखी १० किलो. ही बेरीज साधारण ११४. उरलेले १३६ किलो कोठून आले? पाणी, सोडियम सिलिकेट, शंखजिरे, मीठ. यात बेकायदा असेच काही आहे असे नाही. भांड्या-कपड्यांच्या स्वस्त वडीत भर असतेच आणि सिलिकेट थोडे उपयोगीही पडते. पण हा माल कोणत्या भावाने विकला जाईल हे तरुणाने स्वतः ठरवावे, यंत्र विकणाऱ्याच्या शब्दावर सोडू नये.

तेही आकड्यांत सांगता येते. साबणाच्या वेष्टनावर 'टीएफएम' म्हणून टक्के छापलेले असतात. टीएफएम म्हणजे साबणातला एकूण स्निग्ध पदार्थ. वरच्या समीकरणातील ९१२ साबणात तीन वेळा २८२, म्हणजे ८४६ भाग स्निग्ध आम्ल आहे. म्हणून १०० किलो तेलातून ९५.७ किलो स्निग्ध पदार्थ मिळतो आणि कितीही हुशारी केली तरी तो वाढत नाही. भारतीय मानकाप्रमाणे अंगाच्या साबणाच्या पहिल्या प्रतीला किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीला ७० आणि तिसऱ्या प्रतीला ६० टक्के लागतात. ९५.७ ला ०.७६ ने भागा, १२६ किलो. पहिल्या प्रतीचा साबण शंभर किलो तेलातून एवढाच होतो. तिसऱ्या प्रतीचा १६० किलोपर्यंत. अडीचशे किलो काढला तर टक्के येतात ३८. पहिल्या प्रतीच्या साबणाशेजारी ठेवून त्याच्या भावाने तो विकता येणार नाही.

थंड पद्धतीने वडी पाडणाऱ्यांनी वाळण्याचाही हिशोब धरावा. १०० किलो तेल, १३.६ किलो कॉस्टिक आणि ते विरघळवायला ३२ किलो पाणी घेतले तर ताजा माल १४५ किलोच्या थोडा वर जातो. त्यात स्निग्ध पदार्थ ६६ टक्केच भरतो. पाच-सहा आठवडे हवेशीर जागी ठेवून त्यातले वीस किलो पाणी उडाले की वजन १२६ वर येते आणि टक्के ७६ होतात. ते वीस किलो पाणी साबणाच्या भावाने विकण्याचा मोह ज्याला होतो त्याची वडी दुकानदाराच्या फळीवर वाळते. वेष्टनावर १५० ग्रॅम छापलेले आणि काट्यावर १३० भरलेले, असा माल वैधमापन निरीक्षकाच्या हाती लागला तर खटला पाणी विकणाऱ्यावर होतो. वाळल्यावर मोजावे आणि मगच छापावे.

भांड्यांबद्दल एक सूचना इथेच करतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कॉस्टिक कधीही कालवू नये. ५४ भाग ॲल्युमिनियम आणि ८० भाग कॉस्टिक यांची पाण्यात गाठ पडली की ६ भाग हायड्रोजन वायू निघतो. म्हणजे एक किलो कॉस्टिक ६७५ ग्रॅम पातेले खाऊ शकते आणि बंद खोलीत पेट घेणारा वायू भरते. लोखंडी किंवा स्टीलचे भांडे घ्यावे, कॉस्टिक पाण्यात हळूहळू सोडावे, पाणी कॉस्टिकवर ओतू नये, डोळ्यांना चष्मा असावा. लहान मुले जवळ नसावीत, हे सांगायला समीकरण लागत नाही.

शेवटी तेल घेतानाची गोष्ट. मोठी खरेदी असेल तर प्रयोगशाळेतून तेलाचा 'सॅपोनिफिकेशन आकडा' काढून घ्यावा. हा आकडा एक ग्रॅम तेलाला किती मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागते ते सांगतो. पोटॅशचा रेणुभार ५६, आपल्या कॉस्टिक सोड्याचा ४०. म्हणून त्या आकड्याला ४० ने गुणून ५६ ने भागावे, म्हणजे एक किलो तेलाला किती ग्रॅम सोडा लागेल ते निघते. करडई किंवा सोयाबीनचा आकडा १९० च्या आसपास येतो. त्यावरून किलोला १३६ ग्रॅम, क्विंटलला १३.६ किलो. समीकरणाने दिलेला हाच आकडा होता. करडईच्या नावाने आलेल्या तेलाचा आकडा २२० निघाला तर त्यात खोबरेलाच्या जातीचे काही मिसळले आहे असे समजावे आणि कॉस्टिक त्याप्रमाणे वाढवावे. आकडा १५० निघाला तर मामला वेगळा. एरंडेल मिसळूनही आकडा इतका खाली येत नाही. तो खनिज तेलाने येतो, कारण खनिज तेल कॉस्टिकशी बोलतच नाही. १५० भागिले १९० केले की खरे तेल निघते ७९ टक्के. म्हणजे टँकरमधल्या प्रत्येक क्विंटलमागे एकवीस किलोचे पैसे अशा मालाला गेले ज्याचा साबण कधीच होणार नाही. काट्याने तो तेलातच मोजला होता.